मदत हवी आहे: आजीच्या वडिलांचा शोध

आजीच्या जन्मनोंदीत वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे. ती गोष्ट तिला शेवटपर्यंत सलत राहिली, म्हणून मला हे शोधायचंच आहे.

आईची डीएनए चाचणी केली. आजीकडच्या एका अनोळखी बाईंशी ४४० सेंटिमॉर्गन (सामायिक डीएनए मोजायचं एकक) जुळले. वयाने त्या आईएवढ्याच. एवढ्या आकड्यात सावत्र चुलत-मावस भावंडंही (ज्यांच्या पालकांचे फक्त आई किंवा फक्त वडील एकच) बसतात आणि आईवडिलांची सख्खी चुलत-मावस भावंडंही! नेमकं नातं कसं ठरवायचं? दोघींशी जुळणाऱ्या इतरांच्या वंशावळी मांडून पाहू का? वाय गुणसूत्र बापाकडून मुलालाच मिळतं, त्यामुळे तो मार्ग इथे बंद.

आणि त्या बाईंना पहिला निरोप काय लिहावा? त्यांच्या घरात हे कुणाला ठाऊक नसेल, तर उगाच कुणाचं मन दुखवायचं नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.