मदत हवी आहे: कोर्लईची बोली देवनागरीत लिहिताना नाकातले स्वर कसे दाखवावेत?

पोर्तुगीज १७४० मध्ये रायगड जिल्ह्यातलं चौल-कोर्लई सोडून गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली ‘नो लिंग’ (म्हणजे ‘आमची भाषा’) ही बोली कोर्लईच्या घरांत आजही बोलतात. तिचे शब्द देवनागरीत उतरवून घेण्याचं काम चालू आहे. अडलंय ते नाकातल्या स्वरांशी. अनुस्वार दिला की मराठी शाळेतली मुलं तिथे पुढच्या अक्षराप्रमाणे ‘न्’ किंवा ‘म्’ वाचतात. चंद्रबिंदू करून पाहिला, तर ‘ऑ’वर दोन अर्धचंद्र एकमेकांत घुसतात. पोर्तुगीज शब्द घेताना मराठीने असा नाकातला स्वर ‘पाव’ या शब्दात टाकूनच दिला; तसं इथे अजिबात व्हायला नको. रोमन लिपी नको, गावातल्या पोरांना वाचता आलं पाहिजे.

गोव्यात देवनागरी कोकणी लिहिणारे शब्दाच्या मधल्या अशा स्वराला कोणती खूण करतात, आणि ती मोबाइलच्या साध्या कीबोर्डवर उमटते का?