नवा अल्बम, जुनी गाणी आणि आपण : बँडच्या दौऱ्यांचे अनुभव

खिडकीतली
काल रात्री भांडी घासत होते. लेकाने त्याच्या खोलीत बँजोचं काहीतरी लावलं आणि माझा हात साबणाच्या पाण्यातच थांबला. ममफर्ड अँड सन्स या इंग्लिश बँडचं 'आय विल वेट'. धावत जाऊन सांगितलं, अरे, या व्हिडिओत मी आणि बाबा आहोत! त्याने "बरं" म्हणून दार लावून घेतलं. वय वर्षं बारा.

पण खरंच आहोत हो. ऑगस्ट २०१२, डेन्वरजवळचं रेड रॉक्स हे उघडं नाट्यगृह, तिथल्याच कार्यक्रमाचा तो व्हिडिओ. दोन्ही बाजूंना तांबड्या खडकाच्या अजस्र भिंती, मधे उतरत गेलेली बाकं, साडेनऊ हजार माणसं मावतात. मला अमेरिकेत येऊन चार महिने झाले होते. 'बँड' म्हटलं की मला वरातीतलाच आठवायचा. ह्यांच्या ऑफिसातल्या कुणाला जमणार नव्हतं म्हणून दोन तिकिटं आमच्या पदरात पडली. मी तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या. जागा जवळजवळ दोन हजार मीटर उंचीवर, पार्किंगमधून वर चढेपर्यंत माझी धाप आणि पुऱ्यांचा चुरा.

त्यांचा 'बेबल' हा अल्बम तेव्हा बाजारात यायचाच होता, सप्टेंबरच्या शेवटी आला. त्यामुळे त्यातलं नवं गाणं सुरू झालं की साडेनऊ हजार माणसं माझ्याइतकीच अडाणी! कुणालाच शब्द येत नव्हते. तुम्हाला सांगते, त्या चार महिन्यांत पहिल्यांदाच असं झालं की सगळ्यांना ठाऊक आणि फक्त मला ठाऊक नाही, असं काही नव्हतं. रडूच आलं. ह्यांना वाटलं, थंडी वाजतेय.

आणि तो मुख्य गायक, मार्कस ममफर्ड. हातात गिटार, एका पायाखाली मोठ्या ढोलाचं पेडल, दुसऱ्या पायाने खंजिरी, वर गळा. आमच्या गावच्या भजनी मंडळात एवढ्या कामाला चार माणसं लागतात आणि त्यातला एक चहाला गेलेला असतो.

तुम्हीही लिहा. कुठलाही देश, कुठलाही बँड, फक्त लोकसंगीताच्या आसपासचा असावा आणि नव्या अल्बमचा दौरा असावा.

पोळपाट_लाटणं
पुऱ्यांचा चुरा खाल्लात की नाही ते लिहिलंच नाही.

खिडकीतली
खाल्ला. शेजारच्या दाढीवाल्यानेही खाल्ला. ओव्याला काय म्हणतात विचारत होता, मला तेव्हा इंग्रजीत सांगता येईना.

सॉमरसेटचा_पाहुणा
ग्लॅस्टनबरी २०१३, इंग्लंडमधला मोठा संगीत महोत्सव, शेवटची रात्र, रविवार. ममफर्डच्या त्याच 'बेबल'च्या दौऱ्याचं वर्ष. जूनमध्येच बातमी आलेली की टेड ड्वेन, म्हणजे तो उभा मोठा डबल बास वाजवणारा, त्याच्या मेंदूवर रक्ताची गुठळी सापडली, ऑपरेशन झालं, अमेरिकेतले उरलेले कार्यक्रम रद्द. आम्ही तिकिटं कधीच काढून बसलेलो. आदल्या रात्री रोलिंग स्टोन्स झाले होते, त्यामुळे मित्र म्हणत होते, पैसे वसूल आहेत, हे नाही आले तरी चालेल. मला नव्हतं चालणार.

आले. टेड त्या भल्यामोठ्या बासला धरून उभा. माझं अर्धं लक्ष गाण्याकडे आणि अर्धं त्याच्या डोक्याकडे. कुणी फार जोरात उडी मारली की मी दचकायचो. शेवटी व्हॅम्पायर वीकेंड, द व्हॅक्सीन्स, फर्स्ट एड किट, द स्टेव्ह्ज असे सगळे स्टेजवर येऊन बीटल्सचं गाणं गायले. लग्नात शेवटच्या पंगतीला वाढपी, आचारी, नवरदेवाचे मामा सगळे एकत्र बसतात ना, तसं.

आणि हो, ते एरवी गाईंचं शेत असतं बरं का. दुधाचा धंदा आहे मालकांचा. परत येताना बसमध्ये सगळ्यांच्या बुटांना एकच वास. चार दिवस आंघोळ नाही हे आईला अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टर_सुट्टीवर
मेंदूवरच्या गुठळीनंतर तीनेक आठवड्यांत स्टेजवर! माझे पेशंट हर्नियानंतर सहा महिने पिशवी उचलत नाहीत.

पोळपाट_लाटणं
@डॉक्टर, हर्नियावरून आठवलं, व्यनि (खासगी निरोप) करते.

तंबोरा
ममफर्डचं कौतुक चाललंय म्हणून सांगतो, ही मंडळी आपल्याकडे येऊन वाजवून गेली आहेत. दिल्लीत, इंग्लिश गायिका लॉरा मार्लिंग आणि राजस्थानी कलाकारांचा धरोहर प्रोजेक्ट यांच्याबरोबर चार गाणी केली, २०१० मध्ये छोटा अल्बम निघाला. त्यात 'मेहेंदी रची' आहे. बँजोच्या शेजारी राजस्थानी ढोल आणि खडताल, आणि कोण कुणाला साथ करतंय ते कळत नाही, ही मोठी गोष्ट. एरवी अशा 'फ्युजन'मध्ये आपली माणसं मागे चटईवर बसवलेली असतात.

पुढे २०१५ च्या अल्बमात यांनी बँजोच बाजूला ठेवला आणि इलेक्ट्रिक गिटारी काढल्या. मी रुसलो तो रुसलो.

खिडकीतली
चार गाणी माहीतच नव्हती! आज पोळ्या करताना लावते.

जोधपूरची_सून
खडताल म्हणजे चार लाकडी पट्ट्या, दोन्ही हातांत दोन-दोन. माझ्या सासरी एक मांगणियार (राजस्थानातल्या पिढीजात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या समाजातले) काका यायचे, पट्ट्या आपटायचे नाहीत, नुसत्या थरथरवायचे. मी शिकायला गेले तर अंगठ्याची नखं गेली. (विषय सोडून लिहिलं, सॉरी. मी कुठल्याच दौऱ्याला गेलेले नाही. आमच्याकडे दौरा म्हणजे नवऱ्याचा, ऑडिटचा.)

बर्लिनकर
द हू हा बँड. मंगोलियाचे. २०१९, त्यांचा पहिलाच अल्बम 'द गेरेग'. गेरेग म्हणजे चंगीझ खानाच्या काळातला परवाना, तो दाखवला की कुणी अडवायचं नाही, घोडा द्यायचा, जेवण द्यायचं. थोडक्यात पासपोर्ट.

आता ऐका. दारावर ओळखपत्र मागितलं आणि माझा पासपोर्ट घरी, दुसऱ्या जॅकेटच्या खिशात. 'पासपोर्ट' नावाच्या अल्बमच्या कार्यक्रमाला पासपोर्ट नाही म्हणून बाहेर उभा! मित्राने व्हिडिओ कॉल करून बायकोला उठवलं, तिने खिशातून काढून कॅमेऱ्यासमोर धरला. दारावरच्या माणसाने फोनमधल्या पासपोर्टाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बहुतेक माझी दया येऊन सोडलं.

आत मोरिन खूर नावाचं वाद्य. दोनच तारा, घोड्याच्या केसांच्या, आणि वर लाकडात कोरलेलं घोड्याचं डोकं. एका गळ्यातून एका वेळी दोन सूर काढतात, खाली घुमणारा आणि वर शिट्टीसारखा. पहिल्यांदा मी स्पीकरमागे कोण आहे ते शोधत होतो. सगळे जर्मन मुठी आवळून "हू! हू! हू!". एक शब्द कळत नव्हता कुणाला, सगळं मंगोलियन.

सॉमरसेटचा_पाहुणा
@बर्लिनकर वहिनी जागी झाल्यावर काय म्हणाल्या तेही येऊ द्या.

बर्लिनकर
ते छापण्यासारखं नाही.

आजीची_नात
आईला घेऊन गेले होते पॅरिसला, टिनारिवेन या बँडला. २०१७, 'एल्वान' नावाचा अल्बम, म्हणजे हत्ती. सहाराचे तुआरेग लोक. उत्तर मालीत, त्यांच्या घरच्या भागात, राहून रेकॉर्डिंग करण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून काही अल्बम कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आणि काही मोरोक्कोत केला. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे वाळू लागतेच होय?"

आई तेव्हा सत्तरीची, गुडघे दुखतात, आणि तिथे सगळं उभ्याने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका मुलीने कुठून तरी स्टूल आणून दिलं. मग ते आले, डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलेलं लांब कापड, अगदी शांत, फार हालचाल नाही. गिटार सुरू झाली, मग टाळ्या. त्यांच्या टाळीची लय जरा तिरकी असते, उंटाच्या चालीची म्हणतात. आजूबाजूचे सगळे फ्रेंच चुकत होते. आई तीस वर्षं भजनात टाळ वाजवतेय. दुसऱ्या आवर्तनाला तिने बरोबर पकडली आणि मग सोडलीच नाही. थोड्या वेळाने आमच्या आसपासचे आठ-दहा जण स्टेजकडे बघायचं सोडून आईच्या हातांकडे बघून टाळ्या वाजवत होते.

बाहेर आल्यावर म्हणाली, "चांगलं होतं, पण बुवा फार कमी बोलले."

खिडकीतली
"बुवा" 😀 आईंना नमस्कार सांगा.

तंबोरा
याला म्हणतात लय.

आजीची_नात
सांगितला. कोण आहेत विचारतेय. भांडी घासता घासता रडणाऱ्या बाई म्हटलं.

गर्दीत_मागे
ममफर्डचाच 'डेल्टा' दौरा, २०१९, अमेरिका. स्टेज मैदानाच्या मधोमध, चारही बाजूंना लोक. कल्पना छान, गोंधळात कसे गोंधळी मधे आणि आपण भोवती, तशी. पण मी ज्या बाजूला होतो तिथून पहिला अर्धा तास पाठी पाहिल्या. एकाच्या शर्टाची इस्त्री पाठीवर झालेलीच नव्हती. नवी गाणी लागली की माझ्या रांगेतले लोक बिअर आणायला, जुनी लागली की ग्लास सांडत धावत परत. मीही त्यातलाच. आता वाईट वाटतं, कारण त्यातलं एक गाणं वडील गेले त्या वर्षी मी रोज ऐकत होतो, आणि ते समोर वाजलं तेव्हा मी नाचोच्या रांगेत.

डॉक्टर_सुट्टीवर
😔

सॉमरसेटचा_पाहुणा
पुन्हा जा रे. २०२५ ला 'रशमीअर' आलाय. बँजो वाजवणारा विन्स्टन मार्शल २०२१ मध्येच बाहेर पडला, आता तिघेच आहेत. रशमीअर म्हणजे विम्बल्डनच्या माळावरचं तळं, यांची सुरुवातीची बैठक तिथली. मी लंडनला असताना मुद्दाम बघून आलो. तळं साधंच आहे, कुत्री आणि बदकं. आपल्याकडे असतं तर टपरी असती.

गर्दीत_मागे
बघतो. या वेळी घरून खाऊन जाईन.

पोळपाट_लाटणं
तिखटमिठाच्या पुऱ्या ने. कृती वर विचारा.

नवी_आले_इथे
तिकिटाच्या रांगेत दोन तास चौदा हजारावा नंबर, मग माझा नंबर आला तेव्हा साइटच बंद. कुठली ते सांगत नाही, सगळ्यांना माहितेय. एवढाच माझा अनुभव. बँड पाहिलाच नाही.

जोधपूरची_सून
@खिडकीतली पण व्हिडिओत तुम्ही दिसता का? मी तीनदा पाहिला.

खिडकीतली
कॅमेरा वरून फिरतो तेव्हा डावीकडे निळं जॅकेट. हे म्हणतात ते आम्ही नाहीच, आम्ही उजवीकडे होतो. आमचं यावर चौदा वर्षं भांडण चालू आहे. आज लेक स्वतःहून येऊन बसला, थांबवून थांबवून बघतोय. तो म्हणतोय तिसरीच कुणी आहे, जिच्या हातात डबा आहे.

पोळपाट_लाटणं
डबा कसला? स्टीलचा?

खिडकीतली
थांबा, मोठं करून बघतो आम्ही.