लघुरूपांचे घोळ: तुमचे अनुभव सांगा

चकली_चुकली:
काल पुतणीचा जर्मनीतल्या विद्यापीठासाठीचा अर्ज वाचत होते. दुसऱ्याच ओळीत ‘टीवायला एटीकेटी होती.’ हसले, आणि माझा प्रबंध आठवला. प्रकरणभर एमएमआर, एमएमआर. मला म्हणायचं होतं माता मृत्यू प्रमाण. बाहेरच्या परीक्षकांनी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात विचारलेलं, ‘मुंबई महानगर प्रदेश की गोवर-गालगुंड-रुबेलाची लस?’ बाईंनी पुन्हा टाइप करायला लावलं. तुमचेही येऊ द्या.

मुक्कामपोस्ट:
भावाने बायोडेटात एमएससीआयटी लिहिलं. मुलाखत घेणारे बंगळूरचे. ‘एमएस्सी कुठून केलं?’ हा म्हणे, ‘आमच्या गल्लीतून, तीन महिन्यांत.’

साधा_वरणभात:
😂😂 मेलो

पेनड्राइव्ह:
मार्गदर्शक म्हणाले सगळीकडे ‘एसटी’ काढून पूर्ण रूप घाला. इंग्रजी प्रबंध. फाइंड-रिप्लेस ऑल मारलं, कॅपिटल-स्मॉलची खूण न करता. ‘स्टुडंट’चं झालं ‘शेड्यूल्ड ट्राइबुडंट’. ‘स्टडी’ तर विचारूच नका. रात्री दोनला कळलं, सकाळी बाइंडिंग.

चकली_चुकली:
अरे देवा! मग?

पेनड्राइव्ह:
मग काय, अनडू. फाइल बंद केली नव्हती म्हणून वाचलो.

दुपारची_डुलकी:
आमच्या लॅबमध्ये प्रकल्पाच्या प्रमुखाला पीआय म्हणतात. घरी फोनवर बोलले, ‘पीआयने उद्या बोलावलंय, चिडलाय.’ आजीने देवापाशी दिवा लावला आणि काकांना फोन केला, ‘वकील बघून ठेव.’

आलं_घालून:
मी शोधनिबंध तपासते. पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण नाव, कंसात लघुरूप, हे सगळे शिकतात. पण सारांशात दिलं म्हणून मुख्य लेखात पुन्हा देत नाहीत. सारांश लोक सुटा वाचतात हो, दोन्हीकडे द्यावं लागतं. आणि जेमतेम दोनदा येणाऱ्या शब्दाला लघुरूप कशाला? शोधनिबंध कसे लिहावेत याचे नियम ठरवणारे एपीएवालेही म्हणतात, तीनदा तरी वापरणार असाल तरच करा. चकलीताई, एटीकेटीचं पूर्ण रूप लिहूनही जर्मन माणसाला ओ की ठो कळणार नाही. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ म्हणजे त्याने काय समजायचं? सरळ लिहायला सांगा, एक विषय राहिला होता, पुढच्या सत्रात सुटला. टीवायचंही तेच, तिसरं वर्ष म्हणा.

चकली_चुकली:
हो गं, तसंच लिहवून घेतलं. आता एपीएसची वाट बघतोय.

साधा_वरणभात:
एपीएस म्हणजे?

चकली_चुकली:
😅 घ्या, मीच! भारतातली मार्कशीटं खरी आहेत ना ते तपासून दाखला देतात, जर्मनीच्या व्हिसाला लागतो. जर्मन पूर्ण रूप पुतणीला विचारून सांगते, मला उच्चारता येत नाही.

मुक्कामपोस्ट:
ताई, तिला किती दिवस लागले दाखल्याला? आमच्या मुलाचा अडकलाय.

चकली_चुकली:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. कुकरची तिसरी झाली.