मदत हवी आहे: येवल्याच्या पैठणीचे संकेतस्थळ ग्राहकांपर्यंत कसे पोहोचवावे?

नमस्कार मंडळी,

येवल्यातील आमच्या घरच्या हातमागावरील पैठण्या थेट ग्राहकांना मिळाव्यात म्हणून मी नाशिकहून एक संकेतस्थळ चालवते. गूगल सर्च कन्सोलमध्ये (आपली पाने गूगलच्या शोधात किती दिसतात आणि त्यांवर किती क्लिक होतात, हे दाखवणाऱ्या साधनात) ‘पैठणी’ या शब्दासाठी आमची पाने शोधात दिसतात खरी, परंतु त्यांवर क्लिक जवळजवळ होतच नाहीत. उलट, एका पानाच्या शीर्षकात ‘मुनिया काठाची हातमाग पैठणी’ असे नेमके शब्द घातल्यावर त्याच आठवड्यात विचारणा आली, आणि मला हीच दिशा योग्य वाटते.

पदराची छायाचित्रे जड असल्याने मोबाईलवर पान उघडायला वेळ लागतो. मुख्य चित्र २.५ सेकंदांत दिसावे, ही गूगलची अपेक्षा आम्ही अजून गाठलेली नाही.

इन्स्टाग्रामवर उलट बाजूही सुलटीसारखीच दिसणारी वीण दाखवणारा रील पुष्कळांनी पाहिला. मात्र मजकुरातील लिंक तिथे उघडत नसल्याने संकेतस्थळावर फारसे कोणी आले नाही.

छायाचित्रांचा दर्जा न घालवता ती हलकी कशी करावीत? मराठी आणि इंग्रजी पाने वेगळी ठेवावीत का? आणि वेळ थोडाच असेल, तर आधी लेख लिहावेत की रील करावेत? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.