क्लस्टर हेडेकसाठी घरी ऑक्सिजन सिलेंडर कोणी ठेवलाय का? (नाशिक)

नवऱ्याला क्लस्टर हेडेक (एकाच बाजूला, डोळ्याभोवती अटॅकसारखी येणारी असह्य डोकेदुखी) आहे, न्यूरोलॉजिस्टने निदान केलंय, एमआरआय नॉर्मल, त्यामुळे प्लीज सायनस-ॲसिडिटीचे उपाय नकोत. थंडी सुरू झाली की काही आठवडे रोज रात्री झोपेतून उठवतं, उजवा डोळा लालभडक, पापणी उतरलेली, नाक गळतंय आणि माणूस एका जागी बसूच शकत नाही, नुसत्या येरझाऱ्या. अटॅक येऊ नयेत म्हणून व्हेरापामिल चालू आहे (ईसीजी करून), स्टेरॉइडने तेवढ्यापुरतं थांबलं. अटॅक आल्यावर घ्यायची सुमाट्रिप्टनची गोळी लागू पडेपर्यंत अटॅकच संपतो, आणि आता बीपी वाढलंय म्हणून इंजेक्शनही नको म्हणाले.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लिहून दिलाय, मिनिटाला 12 ते 15 लिटर, नॉन-रीब्रीदर मास्कने (पिशवीवाला, सोडलेला श्वास परत आत न घेऊ देणारा), 15-20 मिनिटं. दुकानदार मात्र कॉन्सन्ट्रेटरच (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) गळ्यात मारतोय, कोविडपासून पडून असेल, तो मिनिटाला 5 नाहीतर 10 लिटरचा, काय उपयोग! बी टाइप (लहान) सिलेंडर साधारण दीड हजार लिटरचा, म्हणजे पाच-सहा अटॅकमध्ये रिकामा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आगीच्या धोक्याचं म्हणाल तर घरात कोणी सिगारेट ओढत नाही.

तर ज्यांच्या घरी आहे त्यांनी सांगा, मोठा डी टाइप घ्यावा की दोन बी आलटून पालटून, 15 लिटरचा फ्लोमीटर (मिनिटाला किती ऑक्सिजन सोडायचा ते ठरवणारा) वेगळा मागावा लागतो का, आणि रात्री सिलेंडर संपला तर तुम्ही काय करता?