मदत हवी आहे: पार्किन्सन्समध्ये बीपी झोपून १७०, उभं राहिल्यावर १०५. गोळी वाढवायची का?

नमस्कार मंडळी,

बाबांचं वय ७४, पार्किन्सन्स जुना. हल्ली सकाळी उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. परवा बाथरूमच्या दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचले. घरच्या मशीनवर पडल्यापडल्या १७०/९५, उभं राहून तीन मिनिटांनी १०५/६०. नाडी ७२ ची जेमतेम ७६.

फॅमिली डॉक्टर आडवं असतानाचा आकडा बघून बीपीची गोळी वाढवा म्हणतात. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, आधी पडणं थांबवा. मधल्या मध्ये आम्ही!

वाचून कळलं ते असं: मानेतल्या रोहिणीत आणि महाधमनीच्या कमानीत रक्ताचा दाब ओळखणारे संवेदक असतात. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, ती खबर मेंदूच्या तळाशी मस्तिष्कपुच्छात जाते आणि तिथून सिम्पथेटिक (आपोआप काम करणाऱ्या) नसांमार्फत रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ठोके वाढतात. पार्किन्सन्समध्ये या नसाच झिजतात. दाब एवढा पडूनही नाडी हलत नाही, ती त्यामुळेच असावी. म्हणजे दाब सावरणारी यंत्रणाच बिघडलेली; आडवं असताना चढणं आणि उभं राहिल्यावर उतरणं, दोन्ही त्या एकाच बिघाडाचं. त्यात रात्री चढलेल्या दाबामुळे मूत्रपिंडं मीठ-पाणी जास्त बाहेर टाकतात. बाबा सारखे लघवीला उठतात आणि सकाळी आणखी गळपटतात.

कुणाच्या घरी असं आहे का? औषध कोणत्या आकड्यावर ठरवलं? आणि मिठाचं काय? आईने बीपी म्हणून सगळं अळणी करून टाकलंय.

प्रतिसाद

सासऱ्यांना हेच होतं. मीठ तोडणं इथे उलटही पडू शकतं, पण हृदय-किडनी बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या. आम्ही पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या (नुसत्या उशीने भागत नाही), दुपारी आडवं न होता आरामखुर्ची, आणि उठण्याआधी दोन ग्लास पाणी. त्यांना रात्रीपुरतीच, जिचा असर लवकर ओसरतो अशी बीपीची गोळी दिली होती. मनाने काही बंद करू नका. झोपून, उभं राहून आणि जेवणानंतरचं बीपी वेळेसकट एका कागदावर लिहा, दोन्ही डॉक्टरांना तोच कागद दाखवा. जेवणानंतरही दाब घसरतो, ते कुणी विचारत नाही.

पार्किन्सन्सच्या गोळ्यांनीही बीपी उतरतं. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही. बाबांना तशी गोळी चालू आहे का? ती आधी सांगा.