आठवी-दहावीची पोरं जमतात, पण मिसळत नाहीत. कुठले खेळ घ्यावेत?

हळदपेठ: सांगलीत, विश्रामबागेत आमच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी चौदा मुलं येतात, आठवी ते दहावीची. पुस्तकांच्या अदलाबदलीपासून सुरुवात झाली, मग म्हटलं गप्पाही होऊ देत. गप्पा म्हणजे मी बोलते आणि ती भडंग खातात. सेमीवाले एका कठड्याला, इंग्लिश मीडियमवाले दुसऱ्या, मुली टाकीच्या सावलीत. चार महिने झाले तरी काहींना एकमेकांची नावं माहीत नाहीत. 'ओळख करून द्या' म्हटलं, तर नाव, शाळा, 'आवड क्रिकेट', की बसले खाली.

मागच्या रविवारी लंगडी घेतली. अंगाने जरा जड असलेला एक मुलगा पहिल्याच मिनिटात बाद झाला आणि उरलेला वेळ मोबाईल बघत बसला. आता तो परत येईल असं वाटत नाही. चूक माझीच. फारसं सामान न लागणारं, गच्चीत मावणारं काही सुचवा.

सातारी_मास्तर: ताई, साताऱ्यात 30 वर्षं पीटी शिकवली. लंगडी, खो-खो हे संघ जमल्यानंतरचे खेळ. आधी कुणी बाद होणार नाही असं काहीतरी घ्या. आणि दोन कॅप्टन उभे करून पोरं निवडायला तर अजिबात लावू नका. शेवटी जो उरतो, तो ते जन्मभर विसरत नाही. (मी उरायचो. म्हणून तर पीटी शिक्षक झालो.) आपल्या जुन्या जोड्या पाडा. दोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावं ठरवायची, 'आंबा हवा का फणस?' कॅप्टनने एक मागायचं. कोण कुणाच्या वाट्याला आलं, यात मग कुणाचा कमीपणा नाही.

कच्चा लिंबूही या वयात कुणाला करू नका, त्यापेक्षा बाद झालेलं बरं. आणि पहिलं राज्य तुम्ही घ्या. मोठं माणूस स्वतःचं हसं करून घेतंय म्हटल्यावर पोरं सैल होतात.

कराडचा_घाट: कानगोष्टी! आम्ही शिबिरात 'मिरजेची सतार साताऱ्याला गेली' असं सोडलं होतं. बाराव्या कानाशी 'मिरची खाऊन म्हातारा गेला' झालं. बसवताना मात्र वाढदिवसाच्या क्रमाने बसवा, तेही एक शब्द न बोलता, नुसत्या खुणांनी. कठडे आपोआप मोडतात.

नाना_५७: दहावीच्या पोरांना खेळ? बोर्डाचा पेपर कोण देणार?

सातारी_मास्तर: नाना, रविवारचा एक तास आहे.

हळदपेठ: तीन रविवार झाले, म्हणून लिहिते. वाढदिवसाची रांग जमली, कानगोष्टीही. पण रंगला तो 'जागा बदला'. सतरंज्यांच्या घड्या गोलात मांडल्या, एक कमी. मधल्याने स्वतःबद्दल काहीतरी खरं सांगायचं, ते ज्यांना लागू असेल त्यांनी उठून जागा बदलायची. कुणाला उठायचं नसेल तर विचारायचं नाही. पहिलं राज्य माझं. 'ज्यांना कारल्याची भाजी आवडते' म्हटलं, कुणीच उठलं नाही. दुसऱ्यांदा 'ज्यांनी आज आंघोळ केलेली नाही' म्हटलं, तर नऊ जण उठले!

मग टाकीच्या सावलीतल्या एका मुलीवर राज्य आलं. ती म्हणाली, "2019 ला ज्यांच्या घरात पाणी आलं होतं." सहा जण उठले आणि जागा धरायची विसरून मध्येच उभे राहिले. तेव्हा ही पोरं दुसरी-तिसरीत असतील. त्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. "तुमच्यात किती?" "पंख्यापर्यंत." "आमच्यात माळ्यावर मांजर राहिलेलं." "मग?" "होतं की, पाणी उतरल्यावर खाली आलं." सेमी आणि इंग्लिश, दोन्हीकडचे होते त्यात. मी गप्प बसले, भडंगाचं पातेलं तेवढं मध्ये सरकवलं. खेळ तिथेच राहिला, साडेअकरा वाजून गेले तरी कुणी उठेना.

मास्तर, तो लंगडीतला मुलगाही दुसऱ्या रविवारपासून येतोय. सतरंज्यांच्या घड्या आता तोच मांडतो. एक कमी मांडायची असते ना, काल त्याने दोन कमी मांडल्या होत्या.